आमच्या ह्यांचं गोळ्याचं मशीन

काल दुपारी आमच्या दारात आरपीएफची जीप उभी होती, ती ह्यांना धरून न्यायला आली नव्हती, हे आधी सांगून टाकते. तू गल्लीत नवीन. कोपऱ्यावरच्या घरातून तुझ्यापर्यंत काय पोचलं असेल याचा मला अंदाज आहे. कोणीतरी फोन केला म्हणे, की अमक्याच्या अंगणात रेल्वेचं सामान पडलंय, सिग्नलचा हात काय, लिव्हर काय, तारांची भेंडोळी काय. आता दौंडात राहून रेल्वेचं सामान ओळखता न येणारा माणूस शोधून सापडायचा नाही, तेव्हा ओळखलं यात नवल नाही. नवल याचं, की ज्या घरातून फोन गेला त्याच घरातला मुलगा परवा आमच्याकडे लिव्हर ओढताना फोटो काढून गेला होता. नाव नाही घेत मी. कळेलच तुला.

ती कुंडी जरा सरकव आणि ये अशी भिंतीपाशी, ओरडून बोलायला नको.

तर शिपाई आला. ह्यांनी शांतपणे फाइल काढली. १९६६ सालचा कायदाच आहे ना, रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली आणि चोरीची असावी असा संशय आला, तर ती सरळ मार्गाने आली हे दाखवायचं काम तुमचं. नोकरीत असल्यापासून हे ह्यांना पाठ. त्यामुळे लिलावात ज्या व्यापाऱ्याने माल उचलला त्याचा कागद, त्याच्याकडून ह्यांनी घेतला त्याचं बिल, वजनकाट्याची चिठ्ठी, सगळं तारीखवार लावलेलं. आमच्या लग्नाचा दाखला कुठे आहे विचार, एक दिवस लागेल सापडायला. शिपायाने दोन पानं उलटली, मान हलवली आणि मग हळूच म्हणतो, "काका, हे ओढलं तर तो हात खरंच पडतो का?" झालं. पुढचा तासभर जीप तिथेच. लोकांनी पाहिली ती तेवढीच.

आणि रात्रीची घंटा. ते मीच विचारणार होते तुला, की सासूबाईंची झोपमोड झाली का. देवळातली नाही ती, आमच्याकडचीच. सोळा ठोके मोजले असशील. सोळा ठोके म्हणजे टेस्टिंग, ते ह्यांनी ठरवलेलं नाही, रेल्वेच्या नियमातच आहे. एक ठोका म्हणजे लक्ष द्या, फोनवर या. दोन म्हणजे लाईन क्लिअर आहे का. तीन, गाडी सेक्शनात शिरली. चार, गाडी सेक्शनाबाहेर पडली. पाच म्हणजे आधीचं रद्द. आणि सहा वाजले की आमच्या बाबांच्या हातातली पेन्सिल थांबायची. सहा म्हणजे धोका.

हो, बाबा स्टेशन मास्तर होते ना. दौंड-मनमाड लायनीवरच. लाईन तेव्हा एकेरी, म्हणजे जाणारी गाडीही त्याच रुळावर आणि येणारीही त्याच. क्वार्टर स्टेशनाला लागूनच, घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची. आईला कोड असा मुखोद्गत, की चार ठोके पडले की ती बाबांचं ताट वाढायला घ्यायची. शिकवलेलं कोणी नव्हतं तिला. मला ह्यांच्याइतकं तांत्रिक कळत नाही, पण गोळा माझ्या माहेरचा आहे, तो ह्यांनी मला समजावून सांगायची गरज नाही. अजून सांगतात, ते सोड.

तुझे मिस्टर असिस्टंट लोको पायलट, त्यांनी गोळा हातातसुद्धा धरला नसेल. लोखंडी, गरगरीत, लाडवाएवढा पण उचलायला चांगला जड. त्याच्यावर दोन स्टेशनांची नावं कोरलेली आणि नंबर. या स्टेशनात एक लाल मशीन, पुढच्या स्टेशनात तसंच दुसरं, मधे तार. दोन्ही मशिनांच्या पोटात मिळून ठरावीक गोळे. ड्रायव्हरच्या हातात गोळा असला तरच त्याने त्या सेक्शनात शिरायचं, आणि दोन्ही मशिनांतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर पडतो. तो बाहेर असेतो दुसरा पडतच नाही, तुम्ही दांड्याला लोंबकळा नाहीतर देव पाण्यात ठेवा. पुढच्या स्टेशनात ड्रायव्हरने गोळा दिला, तिथल्या मास्तरने मशिनात घातला, दांडा जागेवर आला, की मग पुढच्या गाडीची भाषा.

न थांबणाऱ्या गाडीला गोळा द्यायचा म्हणजे बघण्यासारखं असायचं. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. पोर्टर फलाटाच्या कडेला कडं उंच धरून उभा, रात्र असली तर दुसऱ्या हाताशी मशाल. इंजिनातला फायरमन वाकून त्या कड्यात हात घालायचा आणि मागच्या सेक्शनाचं कडं खाली फेकायचा. ते कडं कुठे जाऊन पडेल ते त्याचं नशीब आणि पोर्टरचं. एकदा आमच्याकडे ते ज्वारीत गेलं. पीक डोक्याएवढं. सगळी पोरं, दोन गँगमन आणि शेताचा मालक शिव्या देत शोधताहेत, कारण गोळा सापडेतो मशीन मुकं. दोन्ही मास्तरांनी मग कागदावर लाईन क्लिअर लिहून गाड्या काढल्या, एकेका शब्दाची फोनवर उजळणी करून. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. कागदावर गाडी काढणं त्यांना अजिबात आवडायचं नाही. म्हणायचे, कागद मी सांगेन ते लिहून घेतो.

हे पटायला ह्यांची थॉर्पची गोष्ट ऐकायला हवी. ती ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात, मी तुला थोडक्यात सांगते म्हणजे तुझे दोन तास वाचतील. विलायतेत नॉरिच गावाजवळचं हे थॉर्प. १८७४चा सप्टेंबर, रात्रीची वेळ, एकेरी रूळ. इकडून एक्स्प्रेस सोडायची की तिकडची मेल आधी येऊ द्यायची, हे तारेवर ठरायचं. इकडच्या अधिकाऱ्याने तारबाबूला तोंडी सांगितलं, मेल पाठवायला कळव. खाली सही झाल्याशिवाय निरोप जाऊ नये असा नियम, पण निरोप सहीविना गेला. आणि इकडून एक्स्प्रेसही सुटली. चूक कळली तेव्हा पळापळ करून तार केली, मेल थांबवा. उत्तर आलं, मेल निघाली. तिथे बसलेल्या माणसांना दोन गाड्या कुठे भेटणार हेही कळलं असेल, आणि करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. पंचवीस माणसं गेली. त्यानंतर चार वर्षांत, १८७८मध्ये, एडवर्ड टायर नावाच्या माणसाने टॅब्लेटचं यंत्र काढलं. त्यात गोळ्याऐवजी चकती. आपल्याकडचं गोळ्याचं मशीन म्हणजे नील्स बॉल टोकन. वेगळं यंत्र, पण घर एकच. सगळ्यांमागचा विचार हाच, की दोन शहाण्या, प्रामाणिक, झोप झालेल्या माणसांवरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही.

ह्यांचा सगळा जन्म या अविश्वासाच्या नोकरीत गेला. सिग्नल मेंटेनर. लोकांना वाटतं सिग्नलवाल्याचं काम म्हणजे दिवा लागतो की नाही बघणं. अगं, केबिनमधून सिग्नलपर्यंत तार गेलेली असते, खुंट्यांवरच्या पुल्यांवरून. सहाशे मीटर तार धर. सकाळची थंडी आणि दुपारचं ऊन यात वीस अंशांचा फरक पडला, तर ती तार चौदा-पंधरा सेंटिमीटर लांब होते. मग केबिनमनने लिव्हर पुरता ओढला तरी हात अर्धवटच पडतो. ड्रायव्हरने काय समजायचं? पडलाय म्हणायचं की नाही? म्हणून तार ताणायची, संध्याकाळी परत ढिली करायची. फेब्रुवारी-मार्च हे ह्यांचे वैतागाचे महिने. आमच्या पोरांची आजारपणं मी काढली आणि ह्यांनी तारांची.

मग पॅनल आलं, रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, कॉम्प्युटर आला. केबिनी पाडल्या. त्याचं ह्यांना दुःख नाही हो, नवीन चांगलंच आहे म्हणतात. दुःख याचं, की लिव्हर गॅसने कापून ट्रकमध्ये टाकत होते तेव्हा हे शेजारी उभे होते आणि सही ह्यांचीच होती.

रिटायर झाल्यावर पहिलं आलं ते सिग्नलच्या हाताचं ओतीव लोखंडाचं चष्म्यासारखं कडं. त्याला स्पेक्टॅकलच म्हणतात, काचा बसवतात त्यात. रंगाचे थर इतके की अक्षरं बुजलेली. पेपरात कधी तरी छापून आलं होतं ना, यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीच्या सिग्नलांवर लिव्हरपूल, १८९५ असं आहे म्हणून? तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात लिव्हरपूल. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासलं की धूळ उडते, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि ते घासायला बसले ते माझ्या कुरडयांच्या बाजेशेजारी! मी बाज उचलली नाही, त्यांना उचललं. मग मागे पेरूखाली बसून रिमूव्हर लावून ओल्यानेच खरवडलं. चंदेरी निघाला, त्याखाली लाल, त्याखाली आणखी एक लाल, मग काळा. शेवटी माझा जुना टूथब्रश घेऊन कोपरे साफ केले तर अक्षरं निघाली जी.आय.पी.आर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला. लिव्हरपूल नाही निघालं म्हणून मला वाटलं हिरमुसतील, तर हे अंगणात नाचायचे बाकी. १९५१च्या नोव्हेंबरात जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली, म्हणजे तो तुकडा निदान त्याच्या आधीचा. माझ्याहून मोठा आहे, तेव्हा नमस्कार करून आत घेतला.

गंज काढणं सोपं ग. वायरब्रश, मग रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवायचं. रॉकेल आता कुठे मिळतंय! पितळी भाग मी चिंच आणि पितांबरी लावून घासून देते, तेवढं माझं खातं. खरी मारामारी आट्यांची. आपले आजचे नटबोल्ट मिलिमीटरवाले, हे सगळे विलायती विटवर्थ. आट्यांचा कोनच वेगळा, यांचा पंचावन्न अंश आणि आपला साठ. आजचा बोल्ट दोन वेढे जातो आणि मग अडतो, जोर केला की आतले आटे मेले. मशिनातले बारीक स्क्रू त्याहून तिसऱ्याच जातीचे, बी.ए. म्हणतात त्याला. मग काय, बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याचा जुना बाजार. सकाळच्या गाडीने जायचं, दुपारी पिशवीभर गंजकं लोखंड घेऊन यायचं आणि माझ्यासाठी एक वडापाव, तोही गार.

गोळ्याचं मशीन आलं ते टेम्पोने. चौघांनी उतरवलं. उघडलं तर आत उंदरांचं बाळंतपण झालेलं. नोकरीत त्याला कुलूप आणि वर सील असायचं, मास्तरलासुद्धा उघडता यायचं नाही, बाबांनी आतून कधी पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं, स्टूल घेऊन शेजारी बसून. सुती धाग्यात गुंडाळलेल्या तारा, कॉइली, आणि मधे एक रिले. तिची गंमत सांगू? करंट आला एवढंच तिला पुरत नाही, कुठल्या दिशेने आला ते ती बघते. एका दिशेने आला तर तिची पट्टी डावीकडे, उलट आला तर उजवीकडे. त्यावर ठरतं दांडा कुणीकडे फिरू द्यायचा. त्यासाठी आत कायमचं लोहचुंबक लागतं, आणि आमचं चुंबक इतकं निर्जीव झालेलं की टाचणी उचलेना. नवीन आणायचं कुठून? ह्यांना आठवलं, जुन्या स्कूटरींचे मॅग्नेट चार्ज करून देणारे असायचे. सापडला एक म्हातारा, आपलं जुनं मशीन अजून ठेवलेलं. त्याने विचारलं, कुठली गाडी? हे म्हणाले, पॅसेंजर.

मग कॉइली एकेक मीटर लावून तपासल्या, एक तुटलेली निघाली, ती उलगडून परत गुंडाळली, माझ्या शिवणयंत्राच्या बॉबिनवाल्या दांड्यावर. चालू द्या म्हटलं. काँटॅक्ट मात्र सँडपेपरने घासू दिले नाहीत कोणाला. चामड्याच्या तुकड्याने पुसायचे, तोही मऊ. वरचा चांदीचा पातळ थर गेला की पुन्हा येत नाही म्हणे.

पण एकट्या मशिनाचा उपयोग काय? जोडी हवी. दुसरं सापडलं, पैसे भरले, घरी आलं, आणि ह्याचा गोळा त्यात शिरेना. माझ्या बाबांनी जन्मभर जे सांगितलं ते इथे दारात येऊन उभं राहिलं. लागून असलेल्या दोन सेक्शनांचे गोळे मुद्दाम वेगळ्या मापाचे करतात, म्हणजे घाईत चुकीचा गोळा चुकीच्या मशिनात जायलाच नको. पैसे अडकले म्हणून मी बोलले दोन शब्द, तर हे खूश! म्हणाले, बघ, इतक्या वर्षांनी, भंगारातून येऊनसुद्धा चुकीचा गोळा घेत नाही. मग तिसरं आणलं. हो, तीन आहेत. मधलं आता फ्रिजशेजारी आहे, वर मी कणकेचा डबा ठेवते.

आता घरातली भांडणं सांगते, पण ती भिंतीच्या या बाजूलाच राहू देत.

माझा भाचा हिंजवडीत कॉम्प्युटरवाला. हुशार आहे, कामाला वाघ. सुट्टीला आला, मामांचं मशीन पाहिलं, म्हणाला एवढी खटपट कशाला, आणि एका दिवसात त्यात छोटा बोर्ड बसवला, बटण दाबलं की गोळा टण्णकन खाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही. हे काही बोलले नाहीत. रात्री मला खुडबुड ऐकू आली, उठून पाहिलं तर हे बॅटरी तोंडात धरून तो बोर्ड सोडवत होते. सकाळी भाचा चिडला. "मामा, चालत होतं की!" तर हे म्हणाले, "चालत होतं म्हणूनच काढलं. मागेल तेव्हा गोळा देणारं मशीन बनवायला रेल्वे कशाला लागते, फळवालाही देतो. हे दुरुस्त झालं कधी म्हणायचं? पलीकडचा माणूस हो म्हणत नाही तोवर याने मला नाही म्हटलं पाहिजे." भाचा हसला, पण त्याने नंतर जाऊन दांडा ओढून पाहिला, हलत नव्हता.

अंगणातल्या चार लिव्हरचंही तेच. लाल सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा त्या सांध्याच्या कुलुपाचा, आणि पांढरा म्हणजे रिकामा. नातवाला लाल ओढायचा असतो, कारण हात त्यानेच पडतो. लटकतो बिचारा त्याला, पाय जमिनीवरून उचलतो, तरी नाही. आधी काळा, मग निळा, मगच लाल. खाली वाकून पाहिलंस तर दिसेल, प्रत्येक लिव्हरच्या बुडाशी एक लोखंडी पट्टी, तिला खाचा, आणि आडव्या सरकणाऱ्या पाचरी. काळा ओढला की त्याची पट्टी सरकते, खाच समोर येते, तेव्हा पाचरीला सरकायला जागा मिळते, तेव्हा पुढचा सुटतो. वीज नाही, काही नाही. आणि लाल ओढलेला असताना काळा मागे घ्यायला गेलीस तर तोही नाही. आता नातू शाळेतल्या मित्रांना आणतो आणि मुद्दाम त्यांना आधी लाल ओढायला सांगतो. घराण्याचा गुण.

तुला वाटेल म्हातारपणाचा हट्ट. मलाही वाटायचं. मग बहानगा बाजारचा अपघात झाला, २ जून २०२३. ओडिशातला. २९०हून जास्त माणसं. टीव्हीवर सगळे बोलत होते, हे बघत होते फक्त. नंतर चौकशीत आलं की सिग्नलच्या वायरिंगमध्ये पूर्वी केलेल्या आणि त्या दिवशीच्या कामात चुका राहिल्या होत्या. मेन लाईनचा सिग्नल हिरवा आणि सांधा लूपकडे. पेपर वाचून ह्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मशीन नाही म्हणत होतं, कोणीतरी त्याला हो म्हणायला लावलं." त्यानंतर मी लिव्हरवरून टोमणे मारणं बंद केलं. डिझेलच्या वासावरून मारते, तो वेगळा विषय.

बरं, रिसॉर्टवाल्याचं कानावर आलंच असेल. नाव नको, हायवेवरचा. त्याला रेल्वेची थीम करायची होती. पैसा भरपूर. ह्यांच्याकडून एक सिग्नल घेतला, आखूड खांबाचा, सगळा जुळवून, रंगवून. आम्हाला उद्घाटनाला बोलावलं. गेलो तर काय, सिग्नलचा हात कायमचा खाली! बोल्ट मारून. त्या माणसाचं म्हणणं, वर आडवा असला की थांबा असा अर्थ होतो ना, गिऱ्हाइकाला दारातच थांबा कसं म्हणायचं? आता तूच सांग, त्या हाताचं सगळं कौशल्य काय, तर त्याला वजन असं लावलेलं असतं की तार ओढून धरली तरच तो खाली येईल. तार सोडली, तुटली, चोराने कापून नेली, तरी तो आपसूक आडवा होणार, म्हणजे गाडी थांबणार. ते वजन त्या रिसॉर्टवाल्याने काढून कुंडीखाली टेकू म्हणून लावलेलं. ह्यांनी ते ओळखलं, मी हात धरून ठेवला म्हणून बरं.

आणि दिवा निळा! खरं तर त्यात निळसरच काच असते. आत रॉकेलचा दिवा, त्याची ज्योत पिवळी, पिवळ्यावर निळसर काच आली की लांबून स्वच्छ हिरवं दिसतं. ह्यांनी ती काच किती हिंडून मिळवली होती! त्या पठ्ठ्याने आत पांढरा एलईडी लावला, मग निळाच दिसणार. त्याचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, काका, काच चुकीची दिलीत, हिरवी द्या. ह्यांनी खिशातून पिवळा बल्ब काढून दिला. खिशात होता म्हणजे ह्यांना आधीच अंदाज होता. त्याने लावला की नाही देव जाणे. मग त्याला गोळ्याच्या मशिनांची जोडी हवी होती, चांगली रक्कम बोलला, मला ऐकून आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दिसायला लागलं. तर हे विचारतात, दोन्ही कुठे ठेवणार? तो म्हणाला, रिसेप्शनला, शेजारी-शेजारी, आणि बटणावर गोळा पडला पाहिजे, पाहुणे सेल्फी काढतील. हे चहा न घेता उठले. गच्ची यंदाही गळणार.

पुण्याला कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे ना, ९८ साली सुरू झालेलं, तिथे आम्ही नातवाला घेऊन गेलो होतो. इवलेसे सिग्नल, पण सगळे वागतात सिग्नलसारखे. तिथे हे तोंड न उघडता उभे होते, हे मी प्रथमच पाहिलं. हे म्हणाले, ते भाऊ जोशी म्हणजे खरे वेडे माणूस. दुसऱ्याला वेडं म्हणताना किती बरं वाटतं बघ.

आता मुद्द्याचं. तुला भिंतीपाशी बोलावलं ते काही जीपचं सांगायला नाही, ते तर तुला कोणीही सांगितलं असतं.

जोडी आता तयार आहे. एक आमच्या पडवीत बसवलंय. दुसरंही आमच्याच घरात ठेवलं तर इकडून घंटा द्यायची, पळत आत जायचं, तिकडचा दांडा 'गाडी येत आहे'कडे फिरवून कळ दाबून धरायची, आणि मग इकडचा दांडा कोणी फिरवायचा? मी फिरवते कधी कधी, पण ह्यांचं म्हणणं एकाच घरात दोन स्टेशनं म्हणजे लबाडी. नवरा-बायको खुणा करतात. पलीकडचा माणूस दिसता कामा नये. तर तुमच्या पुढच्या व्हरांड्यात, ते चपलांचं कपाट आहे ना, त्याच्या बाजूला जागा आहे. मी मोजली, भिंतीवरूनच, आत आले नाही. वीज तुमची लागायची नाही, सेलवर चालतं. तार ह्या पेरूच्या फांदीवरून आणतील, कपडे वाळत घालायच्या तारेहून वर. रंग नवा आहे, हाताला लागत नाही. वजन आहे, पण तुमची फरशी कोटा आहे, तिला काही होत नाही. तुझ्या मिस्टरांना नाहीतरी गोळा बघायला आवडेलच, आणि सासूबाईंना सकाळी करमत नाही असं तूच म्हणालीस. त्यांना कोड मी शिकवते, दोन दिवसांत येईल. एक, दोन, तीन, चार, एवढंच. सहा शिकवायचं नाही असं मी ह्यांना बजावलंय, नाहीतर त्या घाबरायच्या.

नको वाटत असेल तर स्पष्ट सांग, राग नाही. तुम्ही नाही म्हटलंत तर आमचा दांडा हलणार नाही एवढंच, आणि ते ह्यांना अगदी पटेल. दुपारी एक ते चार घंटा नाही, हे मी आधीच कबूल करून घेतलंय. सोळा ठोक्यांचं टेस्टिंग फक्त रविवारी, तेही नऊनंतर. आणि हे बघ, गोळा तुमच्याकडे पडला तर तो आमच्याकडे भिंतीवरून फेकायचा नाही, कडं आणि पिशवी देतील ते, त्यात घालून द्यायचा. मागच्या वेळी भाच्याने फेकला तो माझ्या लोणच्याच्या बरणीवर.